खाम नदीचें ऋण आणि विद्यार्थ्यांचें कर्तव्य

झाडें लावावीं, पाणी जपावें, नदी स्वच्छ ठेवावी, हा उपदेश हल्लीं इतक्या वेळां कानांवर पडतो कीं, ऐकणाराच्या मनावर त्याचा ठसा उमटेनासा झाला आहे. जून महिन्याच्या 5 तारखेस पर्यावरणदिन येतो. त्या दिवशीं निबंध लिहिले जातात, घोषवाक्यें रंगविलीं जातात, चार रोपें मातींत खोंचलीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं सूर्य उगवतांच सर्व कांहीं पूर्ववत् चालूं होतें. हे सोहळे वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सोहळा म्हणजे काम नव्हे. आणि या दोहोंतील भेद जोंवर विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या ध्यानांत येत नाहीं, तोंवर आपल्या शहराचें पाणी, आपली नदी व आपली हवा यांची स्थिति सुधारण्याची आशा करणें व्यर्थ होय. आमचें मत थोडक्यांत असें आहे कीं, प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घराजवळचें अथवा शाळेजवळचें एक लहानसें काम पत्करावें, आणि तें निदान तीन वर्षें तरी सोडूं नये. हें मत आम्हीं कां धरिलें, तें आपल्याच शहराच्या वृत्तान्तावरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

पाण्याच्या सोयीवांचून हें शहर उभेंच राहिलें नसतें. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें 1610 सालीं खडकी या खेड्याच्या जागीं नवें नगर वसविलें. पुढें त्याचें नांव औरंगाबाद झालें, आणि 2023 सालीं तें बदलून छत्रपती संभाजीनगर असें ठेवण्यांत आलें. येथील जमीन खडकाळ, पाऊस बेताचा, आणि जवळून वाहणारी खाम नदी उन्हाळ्यांत आटणारी. अशा जागीं हजारों माणसांस पाणी कोठून पाजावें? अंबरानें उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं जमिनीच्या पोटांत झिरपणारें पाणी हेरलें, भूमिगत कालव्यांत तें एकवटलें, आणि केवळ उताराच्या बळावर शहरांतील हौदांपर्यंत आणून सोडलें. हीच ती नहर-ए-अंबरी. तिला ना पंप लागला, ना कोळसा, ना वीज. पुढें याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्की पाहावयास गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें तेथील जातें पाहिलें असेल. तें फिरविणारें पाणी डोंगराकडून मातीच्या नळांतून कित्येक मैल चालून येई.

या नहरी कां बिघडल्या? त्यांची बांधणी कच्ची होती म्हणून नव्हे; शेंकडों वर्षें त्यांनीं पाणी वाहून आणलें, हाच त्यांच्या बांधणीचा दाखला. त्या बिघडल्या त्या हयगयीनें. भुयारांत उतरून गाळ काढतां यावा म्हणून ठिकठिकाणीं तोंडें ठेविलेलीं असत. नव्या नळांचें पाणी घरोघर येऊं लागल्यावर या तोंडांकडे फारसें कोणाचें लक्ष राहिलें नाहीं. कोठें झाडांचीं मुळें आंत शिरलीं, कोठें गाळ सांचला, कोठें वर घरें उभीं राहून वाट दबली, तर कोठें सांडपाणी मिसळलें. एका दिवसांत कोणीहि ही नहर मोडली नाहीं. रोज थोडी थोडी ती सर्वांनीं मोडूं दिली. यांतून आम्ही एवढाच बोध घेतों कीं, पाण्याचें काम बांधणारास कीर्ति मिळते, परंतु तें जिवंत राहतें तें राखणाराच्या हातांनीं, आणि राखण ही रोज करावी लागते.

आज आपण ज्या पाण्यावर जगतों तें पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचें. या धरणाची कोनशिला 18 ऑक्टोबर 1965 रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें बसली, व 24 फेब्रुवारी 1976 रोजीं श्रीमती इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. त्याच्या विस्तीर्ण जलाशयास पैठणच्या एकनाथमहाराजांच्या नांवावरून नाथसागर म्हणतात. धरण शहरापासून सुमारें 50 किलोमीटर दूर, आणि शहर त्याहून उंचावर. तेव्हां नळांतून पडणारें हें पाणी विजेच्या पंपांनीं वर चढवून आणावें लागतें. आणि आपल्या राज्यांतील विजेचा मोठा भाग आजहि कोळसा जाळूनच मिळतो. म्हणून जो मुलगा उघडी राहिलेली तोटी बंद करितो, तो पाणी तर वांचवितोच, परंतु दूर कोठें तरी जळणारा थोडासा कोळसाहि वांचवितो. धरणांत पाणी असतांहि शहरांतील अनेक वस्त्यांस तें कित्येक दिवसांच्या अंतरानें मिळत आलें आहे, हें घरोघरच्या मातांस नव्यानें सांगावयास नको.

कोळशाच्या धुराचा आणि आपल्या पावसाचा संबंध काय, असें कोणी विचारील. कोळसा, खनिज तेल व वायु यांच्या ज्वलनानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वाढतो. यंत्रयुगाच्या आरंभापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें 280 भाग होता; आज तो 420 भागांच्या वर गेला आहे. हा वायु पृथ्वीची उष्णता सहजीं बाहेर सुटूं देत नाहीं. 2024 हें वर्ष मोजमापाच्या इतिहासांत तोंवरचें सर्वांत उष्ण ठरलें. जागतिक हवामान संघटनेच्या आंकड्यांप्रमाणें त्या वर्षींचें पृथ्वीचें सरासरी तापमान यंत्रयुगापूर्वींच्या मानानें सुमारें दीड अंश सेल्सिअसनें अधिक होतें. उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेविते. म्हणून पाऊस येतो तेव्हां कोसळून येण्याचा, आणि उघडीप पडते तेव्हां माती लवकर करपण्याचा संभव वाढतो. मराठवाड्यानें पाण्याचीं हीं दोन्ही रूपें थोड्याच वर्षांत पाहिलीं. 2016 च्या एप्रिलांत लातूरची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. आणि 2025 च्या सप्टेंबरांत याच मराठवाड्यांत अतिवृष्टीनें उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं व शेतांची माती वाहून गेली. एकाच दुष्काळाचा अथवा एकाच पुराचा सर्व दोष तापमानवाढीवर टाकणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु असे टोकाचे प्रसंग वाढत जातील, असें शास्त्रज्ञ बजावून सांगत आहेत. पाऊस किती पडावा हें आपल्या हातीं नाहीं. पडलेला पाऊस जिरविणें, सांठविणें व त्याच्या वाटा मोकळ्या ठेवणें, हें मात्र आपल्या हातीं आहे.

आपल्या शहरापुरती या वाटांपैकीं मुख्य वाट म्हणजे खाम नदी. जटवाड्याच्या डोंगरांत ती उगम पावते, हर्सूलच्या तलावावरून पुढें येते, जुन्या वेशींच्या व पाणचक्कीच्या कडेनें, छावणीजवळून वाहत दक्षिणेस गोदावरीकडे जाते, आणि तिचें पाणी अखेरीस नाथसागरास मिळतें. हा नकाशा प्रत्येकानें एकदां डोळ्यांपुढें आणावा. ज्या जलाशयांतून आपण पिण्याचें पाणी घेतों, त्याच जलाशयाच्या दिशेनें आपण आपलें सांडपाणी व कचरा सोडीत आलों आहों! नाल्यांत टाकलें कीं गेलें, असें आपण समजतों. परंतु तें जात कोठेंच नाहीं, फेरा घालून आपल्याच दारीं येतें. शहरांतील कित्येक मुलांनीं खामेस नदी म्हणून कधीं पाहिलेंच नाहीं. त्यांच्या लेखीं तो एक नाला. एकदां नदीचें नांव विसरलें, कीं तींत घाण टाकतांना कोणाचाच हात मागें सरत नाहीं.

कचऱ्याचेंहि असेंच आहे. वर्षानुवर्षें शहराचा कचरा नारेगांव येथें नेऊन ओतला जाई. दुर्गंधीनें व धुरानें त्रासलेल्या तेथील गांवकऱ्यांनीं 2018 च्या फेब्रुवारींत कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि तेथें कचरा टाकणें बंद झालें. मग शहराच्या रस्त्यारस्त्यांवर ढीग सांचले. मार्च महिन्यांत मिटमिटा येथें कचरा नेण्यावरून दगडफेक व लाठीमारापर्यंत पाळी आली. त्या दिवसांनीं शहरास एक गोष्ट शिकविली. आपण ज्यास 'बाहेर' म्हणतों, तें दुसऱ्या कोणाचें तरी अंगण असतें. त्यानंतर ओला व सुका कचरा वेगळा देण्याचा नियम कसोशीनें सांगितला जाऊं लागला, आणि चिकलठाणा, पडेगांव, कांचनवाडी अशा ठिकाणीं कचऱ्यावर प्रक्रिया करणारीं केंद्रें उभारलीं गेलीं. परंतु यंत्र कितीहि मोठें असलें तरी स्वयंपाकघरांत एकत्र कालविलेला कचरा तें नीट वेगळा करूं शकत नाहीं. शेवटीं कोणाच्या तरी आईस त्यांत हात घालावा लागतो. घरांत दोन डबे ठेवणें हें काम क्षुल्लक दिसतें; पण शहरांतील त्या साऱ्या यंत्रांचा पाया तोच आहे.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. महानगरपालिका, छावणी परिषद, कांहीं उद्योगसंस्था व नागरिक यांनीं मिळून 2021 च्या सुमारास खाम नदीच्या पुनरुज्जीवनाची मोहीम हातीं घेतली. पात्रांतील गाळ व कचरा उपसण्यांत आला, नाल्यांतून येणारा कचरा अडविण्यास जाळ्या लावण्यांत आल्या, कांठ नीट करून झाडें लावण्यांत आलीं. आणि लोखंडी पुलाजवळ, जेथें पूर्वीं नाकास पदर लावून जावें लागे, तेथें लोक फिरावयास येऊं लागले. सुटीच्या दिवशींच्या श्रमदानास विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी व अधिकारी एकाच रांगेंत उभे राहिले. यामुळें नदी शुद्ध झाली असें कोणी समजूं नये. वरून सांडपाणी येत राहिलें तर कांठावरची बाग तिला तारूं शकणार नाहीं. आणि आज उपसलेला गाळ उद्यां पुन्हां सांचणारच. नहर-ए-अंबरीची जी गति झाली, तीच या नव्या कामाची होऊं द्यावयाची कीं नाहीं, हा प्रश्न आज आपल्यापुढें आहे. आणि त्याचें उत्तर आज जीं मुलें शाळेंत आहेत तींच देणार आहेत.

आतां आक्षेपांकडे वळूं. मुलांच्या चिमुकल्या हातांनीं काय होणार, हा पहिला आक्षेप. याचें उत्तर हिशेबानेंच द्यावें हें बरें. समजा, एका शाळेंत एक हजार विद्यार्थी आहेत, आणि प्रत्येक जण सायंकाळीं घरीं जातांना बाटलींत उरलेलें अर्धा पेला, म्हणजे 100 मिलिलिटर पाणी ओतून देतो. हे रोजचे 100 लिटर झाले. एका रोपास आठवड्यास 10 लिटर पाणी धरलें, तर सहा दिवसांच्या 600 लिटरांत साठ रोपें जगतील. दुसरा हिशेब पावसाचा. आपल्या भागांत वर्षाकाठीं सुमारें 700 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक चौरस मीटर छपरावर 700 लिटर, आणि 50 चौरस मीटरांच्या साध्या घराच्या छपरावर 35,000 लिटर. पैकीं पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी 28,000 लिटर पाणी उरतें. तें गटारांत जाऊं द्यावें, कीं पन्हळीनें उतरवून व गाळून टाकींत, विहिरींत अथवा शोषखड्ड्यांत सोडावें, हा निर्णय घरच्या कर्त्या माणसांचा. परंतु हा हिशेब कागदावर मांडून वडिलांपुढें ठेवण्याचें काम आठवींतील विद्यार्थीहि करूं शकेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हें काम महानगरपालिकेचें, कारखानदारांचें व सरकारचें. कर आम्ही भरतों, मग आमच्या मुलांनीं झाडू कां घ्यावा? यांतील पूर्वार्ध आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. सांडपाणी शुद्ध करणें, रसायनें नदींत जाऊं न देणें, नळ वेळेवर सोडणें, हें मुलांचें काम नव्हे. आणि मुलांच्या श्रमदानाचीं छायाचित्रें पुढें करून कोणी आपलें कर्तव्य झांकूं पाहील, तर तें खपवून घेतां कामा नये. नाल्याच्या घाणींत लहान मुलांस उघड्या हातांनीं उतरविणें हा तर निव्वळ अविचार होय. परंतु काम म्हणजे केवळ झाडू नव्हे. पाहणें, मोजणें, लिहून ठेवणें व विचारणें हेंहि कामच आहे. एखाद्या वर्गानें नदीचा अथवा नाल्याचा एक तुकडा ठरवून घ्यावा. दर महिन्यास त्याच तारखेस शिक्षकांसह पुलावर उभें राहून तो पाहावा. पाण्याचा रंग, वास, फेंस, कचऱ्याचे ढीग, दिसलेले पक्षी, सर्व वहींत टिपावें. वर्षअखेर अशी वही जोडून वर्गाच्या सह्यांचा विनयपूर्वक अर्ज महानगरपालिकेंत दिला, तर तो बाजूस सारणें कोणत्याहि अधिकाऱ्यास सोपें जाणार नाहीं. तक्रार करणारे पुष्कळ असतात. बारा महिन्यांचा पुरावा हातीं घेऊन येणारे थोडे. नागरिक जागा असला म्हणजे कारभारहि जागा राहतो. शहराजवळच्या पाटोदा गांवाचें नांव पाणी, झाडें व स्वच्छता यांसाठीं महाराष्ट्रभर झालें, तें ग्रामपंचायत व गांवकरी या दोघांनीं आपापला वाटा उचलला म्हणूनच. तेथें कर भरणाऱ्या घरास दळण मोफत मिळूं लागलें, आणि लोकांसहि कर भरणें हें आपल्याच हिताचें वाटूं लागलें.

तिसरा आक्षेप पालकांच्या मनांतला आहे; तो ते उघड बोलत नाहींत इतकेंच. मुलाचा अभ्यास बुडेल, आणि शिवाय झाडू-टोपली हें आपल्या घरास शोभेल काय? अभ्यासाविषयीं आमचें म्हणणें असें कीं, आम्ही महिन्यांतून दोन रविवारच्या सकाळी मागतों, त्याहून अधिक नाहीं. त्या दोन सकाळीं नदीचा उतार पाहणाऱ्या मुलास भूगोल, छपरावरचें पाणी मोजणाऱ्या मुलास गणित, आणि पानांचें खत होतांना पाहणाऱ्या मुलास जीवशास्त्र पुस्तकाहून अधिक पक्कें समजेल. राहिला शोभेचा प्रश्न. ज्या महाराष्ट्रांत गाडगेमहाराज हातांत खराटा घेऊन दिवसा गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तन करीत, त्या महाराष्ट्रांत झाडूची लाज कोणी बाळगावी? लाज वाटावी ती घाण करण्याची. जो आपला कचरा स्वतः वेगळा करितो, तो तो उचलणाऱ्या माणसाचा मान राखतो; आणि हें शिक्षण कोणत्याहि परीक्षेंतील गुणांहून हलकें नाहीं.

मग करावें काय? आम्ही मोठ्या योजना सुचवीत नाहीं. 1950 च्या जुलैंत केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हांपासून देशांत जितकीं रोपें लावलीं गेलीं, तीं सर्व जगतीं, तर आज ऊन खावयास मोकळी जागा शोधावी लागती. रोप लावण्यास दहा मिनिटें पुरतात. वाढविण्यास तीन उन्हाळे लागतात. आणि खरी कसोटी मे महिन्यांत येते, जेव्हां शाळेस सुटी असते, मुलें मामाच्या गांवीं गेलेलीं असतात, आणि कुंपणाआड रोपें माना टाकतात. म्हणून ज्यानें कडुलिंबाचें, करंजाचें अथवा वडाचें रोप पत्करलें, त्यानें सुटींत पाणी कोण घालील याची पाळी आधींच लावून ठेवावी. ज्याला झाड नको त्यानें घरचे दोन डबे पत्करावे. ज्याच्या घरीं अंगण आहे त्यानें ओल्या कचऱ्याचें खत करावें. ज्याच्या गल्लींत नळाची तोटी गळते त्यानें ती दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करावा. काम कोणतेंहि असो, तें लहान असावें, जवळचें असावें, आणि न सोडलेलें असावें.

ज्यांच्या नांवाच्या सागराचें पाणी आपण पितों, त्या एकनाथमहाराजांची एक कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. काशीहून कावडींतून खांद्यावर वाहून आणलेलें, रामेश्वरास अर्पण करावयाचें गंगाजल त्यांनीं वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखीं घातलें. त्यांच्या दयेची वाखाणणी सर्व करितात. परंतु तें पाणी देतां आलें, तें वाटभर कोणी तरी कावड जपून आणली होती म्हणून, ही गोष्ट आपण विसरतों. तीच कावड आज आपल्या पिढीच्या खांद्यावर आहे.

येत्या जून महिन्यांत शाळा उघडेल तेव्हां प्रत्येक वर्गानें पहिल्याच आठवड्यांत आपला नदीचा तुकडा, आपलीं झाडें व आपल्या पाळ्या ठरवाव्या, आणि पालकांनीं त्या दोन रविवारांस मोकळ्या मनानें संमति द्यावी, अशी आमची विनंति आहे. वर्षअखेर त्या वह्यांतील निवडक नोंदी याच पृष्ठांवर छापण्याचा योग यावा, याहून अधिक आनंदाची गोष्ट आम्हांस दुसरी वाटणार नाहीं.